मापाचं पोलकं

१२ जानेवारी १९६१, गुरुवार

बातमी खरी आहे! बाबांनी कचेरीतून पत्रकच आणलं. गुलाबी कागद, वर छत्री धरलेल्या बाईचं चित्र. मुंबईच्या सुवर्णलता मिल्सचा भव्य वस्त्र-सप्ताह. रविवार ते शनिवार. दिवसभर कापडाचं प्रदर्शन आणि रोज सायंकाळी पाच वाजता ‘वेषभूषा-दर्शन’ – मुंबईच्या युवती नवनवे वेष घालून मंचावरून चालणार. यवतमाळात! सात दिवस!

चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना बाबा म्हणाले, "पाठ झालं असन तं दे इकडे."

माझं वय तेवीस. मॅट्रिक पास. दोन स्थळांनी नकार दिलेला. येतं काय, तर मासिकांतल्या पातळांची चित्रं कापून वहीत चिकटवणं. अकरा वह्या भरल्या. त्यातल्या पहिल्या चार ताईच्या. शुभदाताईला नेरला दिली तेव्हा ती म्हणाली होती, आता तू चिकटव, मी तिथून कातरणं पाठवीन. तीन कातरणं आली. मग श्रावणात तार आली.

आईला पत्रक दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. "जाय," म्हणाली. दीड वर्ष झालं, आई एका वेळी एवढंच बोलते.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. आईने तिळगूळ केला, देवापुढे ठेवला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. हळदीकुंकवाला कोणाकडे गेली नाही, कोणाला बोलावलंही नाही. बायका आमचं दार टाळून पुढे जातात.

मी मात्र उद्या काय नेसायचं याचाच विचार करते आहे. मी वाईट आहे का? असेन.

१५ जानेवारी, रविवार

काय सांगू!

जागा म्हणजे कापसातली सरकी काढायच्या, बंद पडलेल्या एका जिनाचं शेड. झाडून घेतलं म्हणतात, पण छपराला वर्षानुवर्षांची जुनी रुई अडकलेलीच. ती वरून सारखी भुरभुरत होती. कापसाच्या गाठी मांडून वर फळ्या, फळ्यांवर लाल जाजम. पेट्रोमॅक्सचे सात दिवे. पुढे कलेक्टर, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. मागे अख्खं गाव.

पहिली मुलगी आली ती पिस्ता रंगाच्या नायलॉनमध्ये. बाही नाही! बाहीच नाही! मागे कोणी तरी शिटी मारली आणि ती अर्ध्यावरच विरली. टाळ्या वाजवायच्या की नाही कोणालाच कळेना. मग दुसरी, तिसरी, चौथी. काठ गेले, पदरावरची वेलबुट्टी गेली, केसांचा टोपलीएवढा अंबाडा आला. कोपरापर्यंतची बाही आता फक्त शाळेतल्या बाईंना! पदर खांद्यावर नीट चुण्या करून टाचायचा नाही, सोडायचा. मी सगळं वहीत काढून घेतलं.

एक मात्र विचित्र. त्या चालतात, थांबतात, वळतात, पण कोणाकडे पाहत नाहीत. आपल्या मागे कोणी उभं असावं तशी त्यांची नजर तिथे लागलेली असते. चौघींचीही तशीच. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

दाराशी कापड नेसवलेले पुतळे आहेत. तीन नुसती धडं. एक मात्र अख्खी बाई – पायापासून केसांपर्यंत. डोळे रंगवलेले, बुबुळं फिकट. हिरवं पातळ, जरीचा काठ. उजवा हात जरा वर, तळवा पुढे. कापड दाखवायला असेल. पण आमच्या गल्लीतल्या रुखमाबाई हळदीकुंकवावरून तशाच आलेल्या, हातात ताट. त्यांनी ती पाहिली, चपला काढल्या, आणि सरळ कुंकू लावून तिच्या पायाशी नारळ, खण, तांदूळ ठेवून ओटी भरली! "मुंबईची अंबाबाई हाय व," म्हणाल्या. मागच्या बायकांपैकी कोणालाच आपण राहून गेलो असं व्हायला नको होतं. तासाभरात पायाशी दहा नारळ.

हे सगळं चालवणाऱ्या, गिरणीच्या मुंबईच्या मॅडम हसत सुटल्या. त्यांनी फोटो काढला.

मला हसू आलं नाही. कारण निऱ्या! निऱ्या उलट्या बाजूला वळवल्या होत्या. देवी असो नसो, पातळ असं नेसवतात?

१६ जानेवारी, सोमवार

सांगितलं! सकाळी जाऊन मॅडमना तोंडावर सांगितलं की निऱ्या उलट्या आहेत. कापलेले केस, जाड चष्मा, ओठात पेन्सिल. मला वाटलं हाकलून देतील. "तुमको आता है? तो तुम करो," म्हणाल्या. आता रोज सकाळी पुतळीला नवीन पातळ नेसवायचं काम माझं! मी!

पुतळीचे हात निघतात. खांद्यात फिरवले की कट्‌ आवाज होतो आणि हात आपल्या हातात येतो. पहिल्यांदा मी तो जवळजवळ टाकलाच. हात काढल्याशिवाय तिला पोलकं घालता येत नाही.

आणि पोलकंच नाही! तिचं मुंबईचं पोलकं पेटीत उंदराने काखेत कुरतडलेलं, काल पदराने झाकलं होतं. मी घरून माझं जांभळं नेऊन घालून पाहिलं. हुकं दोन बोटं अपुरी. ती माझ्यापेक्षा भरलेली आहे. लाजच वाटली, पुतळीपुढे!

मग जलालभाई टेलर. म्हटलं, चला शेडात, माप घ्या. ते कानाला हात लावून म्हणाले, "बाई, आपन जिंदगीत बाईच्या अंगाले टेप लावली नाही. मापाचं पोलकं आना."

"पण ती पुतळी आहे, जलालभाई."

"रूप तं बाईचंच हाय ना? मापाचं आना. सकायी भेटून जाईन."

खरंच आहे. आमच्या गावात कोणत्या बाईचं माप टेपाने घेतात? नीट बसणारं जुनं पोलकं द्यायचं, त्याबरहुकूम नवं शिवून येतं. माझं तर बसत नव्हतं. मग आठवलं, ताई माझ्यापेक्षा दोन बोटं भरलेली होती. आई देवपूजेला बसली तेव्हा तिची पेटी उघडली. वर ते हिरवं लुगडं – सातव्या महिन्यात ताईला घरी आणून ओटी भरायची म्हणून आईने घेऊन ठेवलेलं, घडीही न मोडलेलं. त्याखाली ताईची पोलकी. डाळिंबी उचललं आणि जलालभाईंना देऊन आले.

दोन बोटांचाच विचार केला मी. देवाशपथ, तेवढाच.

१७ जानेवारी, मंगळवार

जलालभाईंची बायको हजराबी स्वतः दोन्ही पोलकी घेऊन शेडात आली. नवं मला दिलं. जुनं हातात धरून उभी राहिली.

"हे शुभदाचं होय ना? त्यायनं घेतल्या घेतल्या ओळखलं. डावा खांदा."

ताई लहानपणी निंबावरून पडली होती. डावा खांदा एक बोट खाली. जलालभाई तिचं पोलकं नेहमी तसंच कापायचे. आताही मापावरून तसंच कापलं.

मी म्हटलं, बरं झालं असतं सरळ कापलं असतं तर. पुतळीचे खांदे सरळ आहेत, डावीकडे चुणी पडेल.

पोलकं घातलं. हात फिरवून बसवले. हुकं लागली. चुणी पडली नाही.

मी पुन्हा पाहिलं. चुणी पडायलाच हवी होती. अकरा वह्या पाठ असलेल्या मला एवढं तरी कळतं. सरळ खांद्यावर उतरता खांदा शिवला की कापड उभं राहतं. उभं राहिलं नाही.

हजराबी दारापर्यंत गेली, वळली, पाठीमागून पुतळीकडे पाहिलं. "या अल्ला," म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून निघून गेली. मग मीही मागून पाहिलं. पाहायला नको होतं.

सायंकाळचं दर्शन: टेरिलिन. धुतलं की वाळलंच, इस्त्री नको. रंग मात्र मेलेले. ओटीवाल्या बायकांची रांग रस्त्यापर्यंत. त्यांच्यापुढे मुंबईच्या मुलींना कोण विचारतो!

१८ जानेवारी, बुधवार

आई घराबाहेर पडली.

दीड वर्षात पहिल्यांदा. रुखमाबाईंनी काल तिला सांगितलं म्हणे – "शुभीची आई, एकदा जाऊन पाहाच. मागून अगदी तुमची पोट्टी." त्या बाईच्या जिभेला हाड नाही!

मी सकाळी नऊला पडद्यामागे पातळ बदलत होते. हात काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले होते. पडदा सरकला आणि आई आत आली. अनवाणी. चपला घालायला विसरली असावी.

तिने पुतळीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हात कुठी हायेत तिचे?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. काय करणार?

आईने डावा हात उचलला, मांडीवर घेऊन खाली बसली आणि चोळू लागली. मनगटापासून खांद्याच्या खिट्टीपर्यंत. "थंडी हाये व," म्हणाली. "असं उघडं काहून ठेवलं हिले?" मग उठली आणि पुतळीच्या केसांवरची रुई एकेक करून वेचली. "केस पांढरे होऊन राह्यले. कोणी पाह्यतच नाही इथं."

मी म्हणाले, "आई, ती पुतळी आहे. प्लास्टरची."

"मले नाही कळत का?" आई एकदम खेकसली. अगदी पूर्वीसारखी. "मी काय येडी हाओ? तू हात लाव नीट."

मला भीती वाटली. आणि आई खेकसली म्हणून रडू येईतो आनंद झाला. दोन्ही एकदम. मी हात लावून दिले. कट्‌, कट्‌.

१९ जानेवारी, गुरुवार

आईने दोन भाकरी खाल्ल्या. वांग्याची भाजी मागून घेतली! बाबा ताटावर तसेच बसून राहिले, डोळे पुसत.

दिवसभर आई शेडातच होती. पुतळीच्या बाजूला बाकडं घेऊन. ओटी भरायला येणाऱ्या बायकांना रांगेत उभी करते. पुतळीला शुभी म्हणते. लोकांना वाटतं देवीचं नाव शुभा असेल. तेही आता तेच म्हणतात.

आज उभ्या रेघांचं पातळ. उभ्या रेघा बाईला उंच दाखवतात, हे ताईच्या पहिल्या वहीत तिच्या अक्षरात आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी बोलावलं. मला वाटलं ओट्यांवरून ओरडणार. त्या म्हणाल्या, "हमारे साथ चलो. नेर, अमरावती, अकोला, फिर बंबई. मुझे ऐसी लडकी चाहिये जिसका हाथ कपडे को समझता हो."

जिच्या हाताला कापड कळतं! मला! मुंबई. गिरणीत नुसतं कापड. उठल्यापासून निजेपर्यंत कापड!

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "माह्याकडून हो आहे. पण आईले विचार."

आईला विचारलं. पहिलं गाव ऐकूनच तिचा हात थांबला.

"नेर?"

"आठवडाभरच, आई. मग पुढे अमरावती."

"एक गेलतीच नेरले. म्हने सातव्या महिन्यात येतो. ताप आला म्हनून कार्डही नाही टाकलं कोणी. एकदम तारच. मी पोचलो तं राख बी थंडी." एवढं सलग ती दीड वर्षात बोलली नव्हती. मग उठून आत गेली.

मला जायचं आहे. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहू? मी गेले तर आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल. पोट्टीनं मायले मारलं म्हणतील. राहिले तर तिसरं स्थळ येईल, नाकारेल, चौथं येईल. वह्या वीस होतील. मला जायचं आहे!

२१ जानेवारी, शनिवार

शेवटचा दिवस. मंचावर आज सगळ्या मुली लग्नाच्या वेषात आल्या. शालू, पैठणी, जरीच्या ओढण्या. एरवी मी वेडी झाले असते. पाहिलंसुद्धा नाही धड.

दुपारी आई आली ती बोचकं घेऊन. त्यात ते हिरवं लुगडं. ताईचं. "आज हे नेसव," म्हणाली. नऊवारी, पुतळीला! पाय फाकत नाहीत तिचे, कासोटा कसा घालायचा? आई म्हणाली, गोल नेसव, मी सांगतो. आम्ही दोघींनी मिळून नेसवलं. आईची बोटं सराईत चालत होती. घडीचे दीड वर्षाचे मोड उठून दिसत होते.

मग हिरव्या बांगड्या. पुतळीची बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली. पंजावरून बांगडी जाईना. मी म्हटलं राहू दे. आई म्हणाली, "हात काढ." मी काढले. आईने बांगड्या खांद्याच्या बाजूने घातल्या. एकेक करून मनगटापर्यंत सरकवत आणल्या. एका हातात अकरा, एका हातात दहा. एकही फुटली नाही. मी हात परत बसवले.

आणि ओटी. इतर बायका पायाशी ठेवत होत्या. आईला ते चालेना. "ओटी काय भुईवर भरत असते? पदरात भरतात." पण पुतळी पदर धरणार कसा? आई मला म्हणाली, "तू मागून धर."

मी पुतळीच्या मागे उभी राहिले. तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन पदराची झोळी धरली. तिची पाठ माझ्या छातीला लागलेली. आईने कुंकू लावलं. मग गहू, खण, सुपारी, हळकुंड, नारळ. पाच वेळा गहू. सगळं माझ्या हातात पडत होतं. समोरून आईला मी दिसत नव्हते. मागून मला आईचा चेहरा दिसत नव्हता. नुसता आवाज: "सुखानं जाय व माय. सुखानं जाय."

मला वाटलं ती मला म्हणते आहे. मग वाटलं, नाही.

माझे हात अजून दुखताहेत. केवढं ते वजन!

२२ जानेवारी, रविवार

आवराआवर. धडं पेटीत गेली. कापडाचे तागे ट्रकमध्ये गेले. अख्ख्या पुतळीला मात्र कोणी हात लावेना. ट्रकवाला धरमसिंग म्हणाला, "मेमसाब, जिसकी गोद भरी है उसको पेटी में नहीं डालूँगा. मेरे भी बालबच्चे हैं." मॅडमनी स्पिरिटने कपाळाचं कुंकू पुसून पाहिलं. निघत नाही. प्लास्टरने ते पिऊन टाकलं. घासलं तेवढं आत गेलं. डाग असलेली पुतळी मुंबईला काय कामाची?

आई बाकड्यावरून उठली. मॅडमशी नाही, माझ्याशी बोलली.

"तू जाय. नेरले जाय, मुंबईले जाय. पण ही राहीन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना भाषा समजली नाही, पण सौदा समजला असावा. मी बाबांकडे पाहिलं. बाबा शेडाच्या छपराकडे पाहत होते.

मी हो म्हटलं.

हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वेगळं सांगता येणार नाही. मला माहीत होतं मी काय करते आहे. आईजवळ एक ठेवून मी सुटत होते. मी हो म्हटलं आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

बंडीत गादी टाकून पुतळी घरी आणली. हात आईने चादरीत गुंडाळून मांडीवर घेतले होते. वाटेत बायका नमस्कार करत होत्या.

२३ जानेवारी, सोमवार

रथसप्तमी. आईने अंगणात गोवरीवर दूध उतू घातलं. दोन वर्षांनी! रुखमाबाई हळदीकुंकवाला आल्या, मागून सहा-सात बायका. आईने वाण लुटलं. घर पुन्हा घर झालं, आणि मी त्यात बॅग भरते आहे.

पुतळी खिडकीशी उभी केली आहे. माझ्या जागेवर. मी वह्या घेऊन तिथेच बसायची.

जांभळं पोलकं सापडत नाही. सगळी पेटी उलटीपालटी केली. आईला विचारलं तर म्हणाली, "असन कुठं तरी. दुसरं घाल."

२४ जानेवारी, मंगळवार, नेर

आले. ट्रकमध्ये मॅडमच्या शेजारी बसून. केवढा रस्ता, केवढी धूळ, केवढी मी!

आई दाराबाहेर आली नाही. उंबऱ्यातूनच माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "बाहेर नाही येत. घरी पोट्टी एकटी हाये." बाबा कोपऱ्यापर्यंत आले.

ट्रक वळला तेव्हा मागे पाहिलं. खिडकीत दोघी होत्या. पुतळीचा उजवा हात वर असतोच. तरी मी हात हलवला.

२६ जानेवारी, गुरुवार, नेर

आज सकाळी झेंडावंदन आणि सायंकाळी पहिलं दर्शन! बाजाराच्या मैदानावर तंबू. मी चारी मुलींची पातळं नेसवली. पिस्ता नायलॉनला आता मी पदराची एकच चुणी देते आणि बाकीचा सोडते. मॅडम ‘वा’ म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या! मी इतकी सुखी कधीच नव्हते, हे लिहायला मला आता लाज नाही.

फक्त दुपारी एक झालं. बांगड्यांच्या दुकानाशी एक म्हातारी थांबली. धनीबाई. ताईच्या सासरी भांडी घासायची. माझ्याकडे बघून पांढरी पडली. "सूनबाई? तू कधी आली व? तुले तं आमी पोचवून आलतो."

मी सांगितलं, मी सुनीती, धाकटी बहीण. तिने माझा हात चाचपला, मग हसली. "खांद्यावरून वाटलं व. डाव्या."

माझे खांदे सरळ आहेत. खांद्याला पिशवी होती, तिच्या वजनाने झुकला असेल.

२८ जानेवारी, शनिवार, नेर

पोलक्याची हुकं लागेनात. दोन्ही पोलकी घालून पाहिली, दोन्ही दोन बोटं अपुरी. नेरच्या जिलब्या! मॅडमच्या सुईने काखेत उसवून घेतलं. मुंबईला जाईपर्यंत जिलबी बंद.

ताईचं सासर पाहून आले. लांबूनच. दार निळं आहे.

३० जानेवारी, सोमवार, नेर

बाबांचं कार्ड. आई ठीक आहे, दोन्ही वेळा जेवते. पुतळीला आता शुभी म्हणत नाही, सुनी म्हणते. रोज सकाळी विचारते, नेरहून तार आली का. पुतळीसाठी जलालकडे नवं पोलकं टाकलं. मापाला माझं जांभळं दिलं, तेच, जे तिला दोन बोटं अपुरं पडलं होतं. काल शिवून आलं.

बाबा लिहितात, अगदी बरोबर बसलं.